चार किलोमीटरची चूक

नेव्हने मला फोन केला होता. पुढे चौकशी झाली तेव्हा तो फोन आलाच नव्हता, असं मी म्हणालो नाही. आला होता, असंही म्हणालो नाही. मी लिहिलं, ‘साइटवरून कोणतीही लेखी शंका आमच्याकडे आली नाही.’ वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण त्या वाक्यामुळे एका माणसाची मुकादमी गेली आणि तीस माणसांच्या वस्तीत तो खोटारडा ठरला. दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा हेच आठवलं. दुसरं काही लिहायला घेतलं, पण दोन पानांपुढे सरकेना. म्हणून हे लिहितो आहे. नेव्हला विचारून लिहितो आहे. वस्तीचं नाव तेवढं गाळलं आहे.

मी रस्त्यांचा इंजिनीयर. पुण्यात एका ठेकेदाराकडे सात वर्षं काढली आणि मग स्किल्ड व्हिसावर बायको मीनल आणि लहानगी इरा यांना घेऊन ब्रिसबेनला आलो. आता आमचं घर शहराच्या कडेला, स्प्रिंगफील्ड लेक्सला आहे. तिथून दीड दिवस पश्चिमेला गाडी हाकली की माझा रस्ता लागतो. माझा म्हणजे राज्याचाच महामार्ग, नैऋत्येच्या वाळवंटात जाणारा; मी तो सांभाळणाऱ्यांपैकी एक. रस्ता बांधणाऱ्याच्या नशिबी निदान फीत आणि कात्री असते. सांभाळणाऱ्याला खड्डे, मोऱ्या, साइडपट्ट्या, पाट्या आणि तक्रारी. काम चांगलं झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि तसं लक्षात न येणं हीच आमची शाबासकी.

तक्रारी मात्र मजेशीर यायच्या. कॅरॅव्हॅन घेऊन देश फिरणाऱ्या एका आजींनी लिहिलं होतं की तुमच्या रस्त्याला नव्वद किलोमीटर एकही वळण नाही, त्यामुळे माझा नवरा स्टिअरिंगवर पेंगतो, तरी कृपया मध्ये एखादं वळण टाकावं. मी त्यांना उत्तर पाठवलं की वळण टाकता येणार नाही, पण चाळीस किलोमीटरवर एक सावलीचा थांबा आहे, तिथे त्यांना उठवा. एक शेतकरी होता, त्याची जमीन आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. पाऊस पडला की आम्ही कच्चा पट्टा बंद करायचो, कारण ओल्या काळ्या मातीत एक ट्रक गेला तरी चाकोऱ्या पुढचे सहा महिने राहतात. हा गृहस्थ ‘रस्ता बंद’ची पाटी उचलून झुडपामागे ठेवायचा आणि स्वतः निघून जायचा. जाब विचारला तर म्हणायचा, “पाटी वाऱ्याने गेली असेल, मेट.” पाटी चांगली वीस किलोची.

या रस्त्याचा इतिहास मी हौसेने गोळा केला होता. मुळात ही पाण्याची वाट. कुठल्या खड्ड्यात किती दिवस पाणी टिकतं हे तिथल्या मूळ लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. त्यांच्या मागून गुरं हाकणारे आले, उंटांवर माल वाहणारे आले, आणि सरकारने एकेका दिवसाच्या चालीवर विहिरी पाडल्या. नकाशावर रस्ता उगाच वाकडा दिसतो तिथे खोदून पाहिलं की जुनी विहीर सापडते. पुढे टपालाची लॉरी, मग मुरूम, मग गुरांच्या ट्रकांसाठी एकपदरी डांबर. समोरून रोड ट्रेन, म्हणजे तीन डबे ओढणारा ट्रक, आली की लहान गाडीने मुकाट्याने मातीत उतरायचं, असा तो रस्ता. नंतर दुपदरी झाला. आणि एका मोठ्या पुरानंतर, साधारण एकशे तीस किलोमीटरवर, नदीच्या फाट्यांमधून नागमोडी जाणारा जुना भाग सोडून सरळ नवा भाग बांधला. रस्ता चार किलोमीटरनी कमी झाला.

माझी चूक या चार किलोमीटरमधली आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आपल्याकडे बांधकाम खात्याच्या कागदांत ‘साखळी क्रमांक’ असतो. रस्ता जिथे सुरू होतो तिथपासूनचं अंतर म्हणजे साखळी. मोरी कुठे, पूल कुठे, खड्डा कुठे, सगळं साखळीवरून. आता रस्ता मध्येच चार किलोमीटरनी कमी झाला, तर त्यापुढच्या सगळ्या किलोमीटरच्या पाट्या बदलायला हव्यात. पण त्या कोणी बदलल्या नाहीत. पाट्या शेकड्यांनी, आणि लोकांचे पत्ते त्यांच्यावर ठरलेले. त्यामुळे एकशे तीसच्या पुढे पाटी २१४ म्हणते तिथे खरं अंतर २१० असतं. तिथल्या माणसांना याचं काही वाटत नाही, ते पाटीवरूनच बोलतात. आमच्या जुन्या रजिस्टरमध्येही पाटीचेच आकडे होते.

करोनाच्या काळात आम्ही घरी बसलो. शहरातल्या माणसांनी आडरानातल्या वस्त्यांवर जायचं नाही, असा नियम होता आणि तो योग्य होता. तिथे सर्वांत जवळचं हॉस्पिटल तीन तासांवर. म्हणून रस्त्याची पाहणीही व्हिडिओवरून सुरू झाली. नेव्ह त्याच्या ट्रकमधून मोबाइल धरून दाखवायचा आणि मी स्प्रिंगफील्ड लेक्सच्या गेस्टरूममध्ये बसून टिपणं काढायचो.

नेव्ह म्हणजे तिथल्या काउन्सिलच्या, आपल्या भाषेत पालिकेच्या, रस्ते-टोळीचा मुकादम. साठीला टेकलेला, उन्हाने भाजून विटकरी झालेला. ज्या वस्तीत राहतो तिथेच जन्मलेला. मला नावाने हाक मारायचा नाही, ‘ब्रिसबेन’ म्हणायचा.

“काय ब्रिसबेन, आज खाली पँट घातलीयस का?”

“ऑफिसची शॉर्ट्‌स घातलीय.”

“मग उभा राहून दाखव, इथे पैज लागलीय.”

मागे त्याची माणसं हसायची. मला तो आवडायचा. हे लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचताना कोणालाही वाटेल की आमचं वैर होतं.

त्या काळात माझ्यावर एक काम आलं. जुनं रजिस्टर नव्या कॉम्प्युटर प्रणालीत चढवायचं. नव्या प्रणालीत खरं अंतर हवं होतं, म्हणजे एकशे तीसच्या पुढच्या प्रत्येक नोंदीतून चार वजा. मोऱ्या, पूल, थांबे, पाट्या, सगळ्यांतून मी चार वजा केले. एक गोष्ट मात्र रजिस्टरच्या मुख्य यादीत नव्हती. ती मागे वेगळ्या पानावर होती: धावपट्टी.

हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. वाळवंटात रस्त्याचेच काही सरळ पट्टे विमान उतरवण्यासाठी राखून ठेवतात. डांबरावर पांढरे पट्टे असतात, दोन्ही बाजूंना पंख जातील एवढी जागा मोकळी. कोणी अत्यवस्थ झालं की दोन्हीकडून वाहतूक थांबवायची आणि डॉक्टरांचं छोटं विमान तिथे उतरवायचं. आमच्या रस्त्यावरची धावपट्टी वस्तीपासून सहा किलोमीटरवर, पाटी क्रमांक २१४ ते २१५. ते पान मी सर्वांत शेवटी चढवलं आणि त्यातून चार वजा करायचे राहिले. नव्या प्रणालीत धावपट्टी होती त्या जागेपासून चार किलोमीटर पश्चिमेला सरकली. प्रत्यक्षात अर्थातच ती जिथल्या तिथे होती.

काही महिन्यांनी रस्त्याच्या कडेला नवे खांब लावायचं काम निघालं. कमरेएवढे पोलादी खांब, वर चमकपट्टी, धुळीच्या वादळात रस्त्याची कड कळावी म्हणून. ड्रॉइंग मी काढलं. धावपट्टीसाठी खांबांमध्ये मोकळी जागा सोडली. ती सोडली चार किलोमीटर पश्चिमेला. खऱ्या धावपट्टीवर दोन्ही बाजूंना मिळून चाळीसेक खांब आले. नुकतंच डांबर नव्याने टाकल्यामुळे पांढरे पट्टे झाकले गेले होते, ते खांबांनंतर पुन्हा रंगवायचे होते. म्हणजे जागेवर खूण म्हणून काही नव्हती. खूण फक्त नेव्हच्या डोक्यात होती.

त्याने डेपोतल्या फोनवरून मला मोबाइलवर गाठलं. सकाळची वेळ होती, मला दोन मिनिटांत एका मीटिंगला बसायचं होतं.

“ब्रिसबेन, तुझ्या ड्रॉइंगमध्ये धावपट्टीवर खांब आहेत.”

“धावपट्टी मी मोकळी सोडलीय, नेव्ह. २१४ ला बघ.”

“२१४ पाटीवरचं, का तुझ्या कॉम्प्युटरवरचं?”

नेमका प्रश्न त्याने विचारला होता. मी फक्त मागचं पान उघडून पाहायला हवं होतं. पण ड्रॉइंग मंजूर झालेलं, मशीन ठरवलेलं, बदल करायचा तर पुन्हा तीन आठवड्यांची मंजुरी. आणि खरं सांगायचं तर कारण याहून जुनं होतं. पुण्यात साइटवर मुकादम काही सांगायला आला की मी त्याला म्हणायचो, ‘ड्रॉइंगप्रमाणे कर, डोकं चालवू नकोस.’ तिथे ते खपून जायचं. साहेबाने तसंच बोलायचं असतं, असं मी शिकलो होतो. एवढी वर्षं इथे सगळ्यांना दोस्तासारखं ‘मेट, मेट’ करत राहिलो, पण अडचणीच्या क्षणी तोंडातून तेच निघालं.

“ड्रॉइंग मंजूर आहे. त्याप्रमाणे कर.”

नेव्ह म्हणाला, “तू म्हणशील तसं, मेट.” मी त्याला होकार समजलो आणि मीटिंगला बसलो.

खांब लागले. सात आठवड्यांनी, हिवाळ्यातल्या एका दुपारी, वस्तीवरच्या रोडहाउसचा मालक वेन छाती धरून खाली बसला. रोडहाउस म्हणजे पेट्रोल पंप, खाणावळ, मुक्कामाच्या चार खोल्या आणि पोस्ट, सगळं एकत्र. वेन आणि त्याची बायको डेब मिळून ते चालवतात. डेबने फोन केला, विमान निघालं. वस्तीलगत मातीची छोटी धावपट्टी आहे, पण आदल्या दोन दिवसांच्या पावसाने तिचा चिखल झाला होता. म्हणून रस्त्यावर उतरायचं ठरलं. डेबने वेनला ट्रकच्या मागच्या बाकावर आडवं घालून तिथे नेलं. विमान आलं, खाली आलं, आणि पुन्हा वर गेलं. पायलटला दोन्ही बाजूंनी खांबांची रांग दिसली होती. पंख आपटला असता.

मग निरोप मिळताच आलेली नेव्हची टोळी, दोन ट्रक ड्रायव्हर आणि स्वतः डेब, सगळ्यांनी खांब उपटले. हाताने, साखळदंड लावून, ट्रकने ओढून. विमान वर घिरट्या घालत होतं. पन्नास मिनिटं लागली.

वेन वाचला. हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. लवकर उपचार मिळाले असते तर तो भाग वाचला असता का, हे डॉक्टर सांगत नाहीत. मीही सांगू शकत नाही. पन्नास मिनिटं एवढंच मला माहीत आहे.

चौकशी झाली ती सगळी व्हिडिओवर आणि ईमेलवर, कारण तेव्हाही कोणी प्रवास करत नव्हतं. नेव्हने सांगितलं, “मी इंजिनीयरला फोन केला होता.” माझ्याकडे लेखी विचारणा आली: साइटवरून काही शंका आली होती का, त्याची काही नोंद आहे का? मी एक अख्खी दुपार त्या उत्तरावर घालवली. पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, अजून हातात नव्हतं, नोकरी गेली तर व्हिसा जाईल, इराची शाळा, घराचं सगळं, हे खरं होतं आणि ते मी स्वतःला पुन्हापुन्हा सांगितलं. मग ते वाक्य लिहिलं. त्याखाली आणखी एक: ‘जुन्या आणि नव्या साखळीची गल्लत साइटवर झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ अहवालात निष्कर्ष आला की टोळीने जागेची खातरजमा केली नाही. शिवाय एक जास्तीचा ठपका: उपटलेल्या खांबांची खोली नियमापेक्षा निम्मीच भरली, म्हणजे कामही निष्काळजीपणाचं. काउन्सिलने नेव्हची मुकादमी काढली आणि त्याला कचरा डेपोच्या फाटकावर बसवलं.

मला कोणी काही म्हणालं नाही. पीआर आलं. मीनलने शिरा केला.

बंधनं उठल्यावर मी पाहणीला गेलो. रोडहाउसवर थांबलो, कारण थांबायला दुसरी जागाच नाही. डेबने चहा आणि मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, आणून ठेवला. मी रस्त्याचं काम करतो हे जॅकेटवरून तिला कळलं, पण कोण ते नाही.

“रस्ता बघायला आलायस? मग त्या धावपट्टीवर नीट बघ,” ती म्हणाली. “आमच्या नेव्हने तिथे माझ्या नवऱ्याला जवळजवळ मारलाच होता.”

“नेव्हने?”

“बत्तीस वर्षं दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा तो. चूक झाली असती तर मी माफ केलं असतं रे. माणूस चुकतो. पण वर म्हणतो, मी फोन केला होता. कागदावर सिद्ध झालं की नव्हता केला. चुकल्याचं नाही, खोटं बोलल्याचं वाईट वाटतं.” तिने टेबल पुसलं. “सॉस हवाय?”

मी सॉस घेतला. मीट पाय संपवला. तिला थँक्यू म्हणालो आणि गाडीत बसलो. कचरा डेपो तिथून दोन किलोमीटर होता. मी उलट्या दिशेला वळलो.

घरी आल्यावर शनिवारी सकाळी मीनल मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती चिमटे लावत ऐकत राहिली. मग म्हणाली, “हे तू मला का सांगतोयस?”

“कोणाला तरी सांगायला हवं होतं.”

“मी त्या रोडहाउसवर चहा प्यायला जाते का? मला सांगून तुझं ओझं हलकं होईल, त्या माणसाचं काय होणार आहे?”

“नोकरी जाऊ शकते, मीनल.”

“जाऊ दे ना. माझी आहे की.” तिने शेवटचा शर्ट माझ्या हातात दिला. “आणि तेव्हा आमच्यासाठी केलंस, असं मनातसुद्धा आणू नकोस. आम्हाला विचारलं होतंस?”

विचारलं नव्हतं.

ऑफिसला पत्र लिहिण्यासाठी मी सगळी फाइल पुन्हा काढली. फोनची नोंद माझ्याच मोबाइलमध्ये होती, दोन मिनिटं. ती तेव्हाही तिथेच होती. मग खांबांच्या खोलीचा तक्ता पाहिला. तो मी याआधी नीट पाहिलाच नव्हता. साठ किलोमीटरमधले सगळे खांब अगदी नियमाप्रमाणे खोल होते. फक्त धावपट्टीवरचे ते चाळीस निम्मे ठोकलेले. कितीतरी वेळ मी त्या आकड्यांकडे बघत होतो. नेव्हने माझा हुकूम पाळला होता, पण ते खांब कधीतरी घाईने उपटावे लागतील, एवढी सोय ठेवून पाळला होता. पूर्ण खोल असते तर पन्नास मिनिटांच्या जागी किती लागली असती, त्याचा हिशोब मी केला नाही. आणि ज्या गोष्टीने वेनचा जीव वाचला, तीच अहवालात नेव्हचा निष्काळजीपणा म्हणून नोंदली गेली होती.

पत्रात मी तीन गोष्टी लिहिल्या: साखळी मी चुकवली, फोन आला होता, आणि खांब उथळ का होते. माझ्या वरिष्ठांनी ते वाचून वर पाठवलं. नंतर लेखी ताकीद मिळाली, वर्षभर ड्रॉइंगवर सही करायची नाही असं ठरलं, अहवाल दुरुस्त झाला. नोकरी राहिली. जे होईल म्हणून मी खोटं बोललो होतो, ते झालंच नाही.

दुरुस्त अहवालाची प्रत घेऊन मी पुन्हा निघालो. यावेळी ऑफिसच्या गाडीने नाही, स्वतःच्या. इराने विचारलं, “Baba, is it work?” मी म्हणालो, हो, राहिलेलं काम आहे.

नेव्ह फाटकाशी पत्र्याच्या केबिनबाहेर खुर्ची टाकून बसला होता. दोन वर्षांत बारीक झाला होता. मी गाडीतून मास्क लावून उतरलो.

“काढ तो मास्क, ब्रिसबेन,” तो म्हणाला. “इथे मी आणि माश्या. आणि माश्यांना काही होत नाही.”

मी त्याला कागद दिला. त्याने चष्मा शोधला, पूर्ण वाचला, खांबांच्या खोलीपाशी एकदा थांबला. मग नीट घडी घातली.

“हे कोण वाचणार?”

“काउन्सिल. माझं ऑफिस.”

“डेब वाचणार?”

“तिला एक प्रत देईन.”

“ट्रकवाले वाचणार? तुला माहितेय रेडिओवर काय चालतं? ‘दोनशे चौदाला जपून रे, नेव्हने रस्त्यावर पोलाद पेरलंय, उगवलं असेल.’ दोन वर्षं ऐकतोय.”

“नेव्ह, मी तुझी माफी मागायला आलोय.”

“माझी कशाला? तू फोन उचललास हे मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं. आपल्या दोघांत नवं काय आहे?” त्याने केबिनच्या भिंतीवरचा रेडिओ दाखवला. ट्रकवाले, ग्रेडरवाले, आसपासची शेतघरं, सगळे त्या चॅनेलवर असतात. डेबच्या गल्ल्यावरही तो दिवसभर चालू असतो. “ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. जेवायची वेळ आहे, सगळे ऐकत असतील.”

“आत्ता? जरा चार ओळी लिहून घेतो.”

“नको. लिहायला तुला फार छान येतं.”

त्याने माइक माझ्या हातात दिला. बटण दाबून बोलायचं, सोडलं की समोरच्याचं ऐकू येतं. मी बटण दाबलं आणि जे बोललो ते फार वाईट होतं. नोंदींच्या स्थलांतरात तफावत राहून गेली, दूरध्वनीवरील शंकेची योग्य दखल घेतली गेली नाही, असं काहीतरी. इंग्रजीतही मी ऑफिससारखाच बोललो. बटण सोडलं. रेडिओवर खरखर. नेव्ह रस्त्याकडे बघत होता.

मग डेबचा आवाज आला. “कोण आहेस तू? काय म्हणतोयस, काही कळलं नाही. थांब, मी वेनला आत बोलावते. मग परत सांग. सरळ सांग.”

आम्ही थांबलो. एका ट्रक ड्रायव्हरने मध्येच “काय चाललंय?” विचारलं, दुसऱ्याने त्याला गप्प केलं. मिनिटभराने डेब म्हणाली, “हं. बोल.”

मी बटण दाबलं.

“माझं नाव शिरीष. मी ब्रिसबेनचा रस्त्यांचा इंजिनीयर. धावपट्टीवर खांब माझ्या ड्रॉइंगमुळे लागले. नेव्हने मला फोन करून सांगितलं होतं की ते चुकीचे आहेत. मी त्याचं ऐकलं नाही. त्याने ते मुद्दाम अर्धेच ठोकले, म्हणून ते त्या दिवशी निघाले. नंतर मला विचारलं तेव्हा मी तो फोन लपवला. खोटं नेव्ह नाही बोलला, मी बोललो. वेन, डेब, मला माफ करा. नेव्ह, मला माफ कर.”